झुंबरशेठची अर्धशिशी

वहिनीचं डोकं दुखतं, ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. न्हाणीघरातला नळ थोडा गळतो हे जसं ठाऊक असतं, तशी. त्यासाठी उठून काही करावं असं मात्र कुणाला वाटत नव्हतं.

खाली दिव्यांचं दुकान आणि वर घर. दुकानात छतभर लोंबणारी झुंबरं, भिंतींना भिंतदिवे, कोपऱ्यांत उभे दिवे, काउंटरवर टेबललॅम्प आणि काचेच्या खिडकीत रंग बदलणाऱ्या माळा. दुकानाच्या मालकांचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाने दारात पाऊल टाकलं की त्याचे डोळे दिपलेच पाहिजेत. दिपलेल्या डोळ्यांना किमतीची चिठ्ठी नीट दिसत नाही. म्हणून कुणी साधा शून्याचा बल्ब मागायला आलं तरी मालक बटणांच्या फळीवरून एक हात असा काही फिरवायचे की अख्खं दुकान पेटून उठायचं. बाजारात त्यांना झुंबरशेठ म्हणत. त्यांना ते कौतुक वाटे. म्हणणाऱ्यांना काय वाटे, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. नणंद वहिनी म्हणते म्हणून नोकर म्हणायला लागले, नोकर म्हणतात म्हणून गिऱ्हाईकं, आणि शेवटी सासूबाईसुद्धा आल्यागेल्याला "ते वहिनीला विचारा" म्हणून सांगू लागल्या. कुठला माल संपला, कुठल्या झुंबराचा लोलक तडकला, कुणाच्या घरी काय बसवायचंय, ते सगळं वहिनीला विचारायचं. झुंबरशेठ बटणं बघायचे.

आता अर्धशिशी असलेल्या बाईने दिवसभर दोनशे दिव्यांखाली उभं राहायचं, हे ऐकूनच एखाद्याच्या कपाळाची शीर उडेल. वहिनीची उडायचीच. आधी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक वाकडीतिकडी चमकती रेघ यायची. ती हळूहळू पसरायची. मग रेघ जायची आणि डोक्याच्या एका बाजूला कुणीतरी आतून हातोडी घेऊन बसायचं. पोटात ढवळायचं, उजेड नको, आवाज नको, सासूबाईंच्या खोबरेल तेलाचा वास तर नकोच नको.

सुरुवातीची काही वर्षं तिने साध्या गोळ्यांवर काढली. त्या पोटात जायच्या आणि तशाच उलटून बाहेर यायच्या. मग एका डॉक्टरांनी तिला जोडगोळी दिली. म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं, एक दुखणं थांबवणारं आणि एक मळमळ थांबवणारं. डॉक्टरांनी समजावलंही होतं. "अर्धशिशी आली की पोट संपावर जातं. साधी गोळी तिथं नुसती पडून राहते. यातलं दुसरं औषध पोटाला कामावर आणतं, म्हणजे पहिलं रक्तात पोचतं. पण रेघ दिसली की लगेच घ्यायची. डोकं फुटायला लागेपर्यंत वाट बघायची नाही. मी लिहिल्यात तेवढ्याच, मध्ये सहा तास जाऊ द्यायचे. आणि वरून दुसरी कुठलीही डोकेदुखीची, तापाची, सर्दीची गोळी नाही, कारण त्यातही हेच औषध असतं."

घरी येऊन वहिनीने खोक्यातला घडीचा कागद उलगडला. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. दुकानात घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांसाठी भिंगाचा दिवा ठेवलेला असतो, त्याच्याखाली धरून तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मान किंवा चेहरा आखडला, डोळे वर फिरले, तर गोळ्या बंद करून ताबडतोब डॉक्टरकडे जा, असंही त्यात होतं. तिला तसं कधी झालं नाही. रेघ दिसली की ती गोळ्या घ्यायची, वर मागच्या खोलीत पडदे ओढून पडायची, आणि बऱ्याचदा तासाभरात माणसात यायची.

त्या तासाभराची मात्र घरात मोठी चर्चा व्हायची.

"जरा डोकं दुखलं की झोपायचं?" सासूबाई जिन्यात उभं राहून, खाली ऐकू जाईल आणि वरही ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. "आमच्या वेळी काय डोकी नव्हती?"

यावर वहिनीला बरीच उत्तरं सुचायची. पण डोकं दुखत असताना बोलवत नाही, आणि थांबल्यावर कशाला, म्हणून ती मूग गिळून बसायची.

झुंबरशेठ उदार होते. "असू दे गं आई," ते म्हणायचे. "बायकांचं असतं काहीतरी. डोकी सगळ्यांचीच दुखतात. माझं नाही दुखत? पण मी बोलतो का?"

खरं तर त्यांचं डोकं जन्मात कधी दुखलेलं नव्हतं. म्हणूनच बोलत नव्हते.

ते बोलायला लागले, तो दिवस हॉटेलवाल्याचा. गावाबाहेर नवं हॉटेल उभं राहत होतं आणि त्याच्या दर्शनी दालनात टांगायला सगळ्यात मोठं झुंबर हवं होतं. हॉटेलवाला सकाळी आला तो दुपार झाली तरी हलेना. एकदा म्हणे हे लावून दाखवा, एकदा म्हणे ते. दुकानात शिडीवाले काका म्हणून एक जुने नोकर होते. त्यांचा निम्मा जन्म शिडीवर गेला होता, आणि त्या दिवशी उरलेला निम्माही जातोय असं वाटत होतं. झुंबरशेठ ना जेवले, ना पाणी प्यायले. मान वर करून दिव्यांकडे बघत, हात फिरवत, ते सारखे बोलत राहिले. दुपार कलता कलता त्यांनी उजव्या भुवईवर हात ठेवला.

"तू बघ जरा," ते वहिनीला म्हणाले आणि जिना चढून गेले. तिला वाटलं, जेवायला गेले.

वर काय चाललं होतं ते तिला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. झुंबरशेठ सोफ्यावर पडले आणि म्हणाले, "आई, माझं डोकं." एवढंच म्हणाले. पण त्या घराच्या इतिहासात कुणी एवढ्या थोड्या शब्दांत एवढी हालचाल घडवलेली नव्हती. नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दिवस इकडे काढायची, ती धावली. पडदे ओढले गेले. पंखा बारीक झाला. टीव्ही बंद झाला. तो टीव्ही बंदही होतो, हे वहिनीने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती तासाभराने वर आली तेव्हा झुंबरशेठ मागच्या खोलीत, तिच्याच पलंगावर, कपाळाला ओला टॉवेल बांधून पडले होते. उशाशी सासूबाई, पायाशी नणंद. कुणी मोठा माणूस अंथरुणाला खिळावा असा देखावा.

"काय झालं?"

"हळू बोल," नणंद म्हणाली.

"अगं, डोकं म्हणजे काय विचारू नकोस," झुंबरशेठ कण्हत म्हणाले. "इथून सुरू होतं, असं डोळ्यामागे जातं. उलटी होईल असं वाटतं. उजेड सहन होत नाही. असं दुखणं कुणाला झालं नसेल."

वहिनी दाराच्या चौकटीला टेकली. हसू आलं, ते तिने गिळलं. आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं, कारण ते दुखणं तिला आतून बाहेरून माहीत होतं. "मला होतं तसंच आहे हे," ती म्हणाली.

"छे! तुला कुठं एवढं?"

"बरं. काही घेतलंत का?"

"घेतली तुझ्यातली एक."

"न विचारता? त्या मला लिहून दिल्यात, तुम्हाला नाही. बरं, घेतलीत ना, आता दुसरं काहीही घेऊ नका. सर्दीची पूडसुद्धा नको. खालचं आटोपते आणि डॉक्टरांना फोन करून विचारते."

"बरं बरं," झुंबरशेठ म्हणाले. सासूबाईंनी खिडकीकडे बघितलं. नणंदेने नखाकडे बघितलं. वहिनीला तिथंच काहीतरी खटकायला हवं होतं, पण खालून शिडीवाल्या काकांची हाक आली, हॉटेलवाला पुन्हा पहिल्या झुंबरावर आला होता, आणि ती उतरली.

अर्ध्या तासाने नणंद जिन्यावरून किंचाळली.

वहिनी धावत वर गेली. झुंबरशेठ पलंगावर ताठ बसले होते. मान डावीकडे आणि वर अशी पिळली गेली होती, की कुणी हनुवटीला दोरी बांधून छताला टांगली असावी. डोळे वर चढलेले. जबडा एका बाजूला अडकलेला. "आं… आं…" एवढाच आवाज येत होता.

"वारं गेलं गं माझ्या बाळाच्या अंगावरून!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"वारं नाही," वहिनी म्हणाली. तिला भिंगाखालची ती ओळ आठवली. तिने टेबलावरची गोळ्यांची पट्टी उचलली आणि खळगे मोजले. परवा नवी आणलेली. तिने एकही घेतली नव्हती. सहा खळगे रिकामे होते.

"एक म्हणाला होतात ना?"

"आं," झुंबरशेठ म्हणाले.

त्यांना दवाखान्यात न्यायचं तर जिना उतरून दुकानातूनच जावं लागे, दुसरी वाट नव्हती. एका बाजूने वहिनी, दुसऱ्या बाजूने शिडीवाले काका, मध्ये छताकडे नजर लावलेले झुंबरशेठ, अशी ती मिरवणूक दिव्यांखालून निघाली. हॉटेलवाल्याने आदराने वाट दिली. मालक एवढ्या तन्मयतेने वर बघतायत म्हटल्यावर त्यानेही मान वर केली.

"हे दाखवताय का?" तो म्हणाला. "हे सकाळी नव्हतं दाखवलं. छान आहे. कितीला?"

"आं!" झुंबरशेठ कळवळून म्हणाले. किंमत सांगता न येण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. सकाळपासून उभी असावी, केस विसकटलेले, चेहऱ्यावर आता मला कशाचंच नवल वाटत नाही असा भाव. तिने झुंबरशेठकडे एकदा बघितलं, वहिनीने पुढे केलेली पट्टी बघितली, आणि नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं.

"मळमळीच्या औषधाने होतं असं कधीकधी. जास्त घेतलं तर जास्त. किती घेतल्या आणि किती वेळात?"

"पट्टीतल्या सहा गेल्यात," वहिनी म्हणाली. "दुपारपासून."

"दुपारपासून सहा?" डॉक्टरीण आता पहिल्यांदा नीट बघायला लागली. "वरून अजून काही?"

"नाही," वहिनी म्हणाली.

मागून कुणीतरी खोकलं. सासूबाई होत्या. "मी आपल्या दोन साध्या दिल्या होत्या. हिच्या गोळ्यांनी काही फरक पडेना, म्हणून."

"कसल्या साध्या?"

"डोक्याच्याच. माझ्या डब्यात असतात त्या. एक जरा तुटलेली होती, म्हणून अर्धी अजून दिली."

डॉक्टरणीने लिहून घेतलं. "बस?"

नणंद पुढे झाली. "मी फक्त गरम पाणी दिलं होतं."

"नुसतं?"

"त्यात सर्दीची पूड घालून. दोन पुड्या. लिंबाच्या चवीची असते ती, औषध थोडीच म्हणायचं तिला!"

"तुम्ही लोकांनी," डॉक्टरीण लिहिता लिहिता म्हणाली, "एकच औषध तीन नावांनी पाजलंय यांना. जोडगोळीत तेच, साध्या गोळीत तेच, लिंबाच्या पुडीत तेच. मापापेक्षा जास्त झालं की हे यकृतावर जातं. आणि गंमत अशी की पहिल्या दिवशी माणसाला काहीच वाटत नाही. बरा दिसतो, हसतो, घरी जातो. म्हणून रक्त तपासायचंय. शेवटची गोळी घेऊन काही तास झाल्यावरच ते नीट कळतं, तोवर इथंच राहायचं."

सासूबाईंचा चेहरा पडला. "तो सांगत होता, त्या गोळ्या बायकांच्या मापाच्या आहेत, पुरुषाला दुप्पट लागतात."

"हे कुणी सांगितलं त्यांना?"

"तोच सांगत होता."

इंजेक्शन गेलं. थोड्या वेळाने झुंबरशेठची मान, अडकलेलं शटर हळूहळू सैल व्हावं तशी, खाली यायला लागली. डोळे जागेवर आले. जबडा सुटला. सगळे वाकून बघत होते, आता हे काय बोलतात म्हणून.

"हिच्या गोळ्यांनी झालं हे," झुंबरशेठ म्हणाले.

वहिनीला वाटलं, तो जबडा अजून थोडा वेळ अडकलेला चालला असता.

"गोळ्या त्यांच्या होत्या," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही विचारलं होतंत का त्यांना?"

"घरातल्या गोळ्या काय विचारून घ्यायच्या?"

"घरातल्या नाही हो. त्यांच्या. त्यांचं वजन, त्यांची तब्येत, त्या आधीच काय घेतात, ते बघून कुणीतरी लिहून दिल्यात. तुमचं डोकं पहिल्यांदा एवढं दुखलं ना? मग ते अर्धशिशीच आहे की दुसरं काही, हे आधी बघायचं असतं. आणि हे मळमळीचं औषध तुम्ही आता पुन्हा कधीही घ्यायचं नाही. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी हे सांगायचं. लक्षात राहील?"

"ही ठेवेल लक्षात," झुंबरशेठ वहिनीकडे बोट दाखवून म्हणाले.

रक्ताचा निकाल चांगला आला, डोक्याच्या तपासण्यांतही काही निघालं नाही. अर्धशिशीच आहे, डॉक्टर म्हणाले. झुंबरशेठ घरी आले आणि दुखणं त्यांच्या नावावर लागलं.

म्हणजे झालं असं, की तोवर त्या घरात होती ती डोकेदुखी. आता घरात मायग्रेन आला. झुंबरशेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या हिचं डोकं दुखतं अधूनमधून, पण मला मायग्रेन आहे." काउंटरला कोपर टेकून ते लक्षणं सांगायचे. त्यात हळूहळू डोळ्यापुढची चमकती रेघसुद्धा आली. ती त्यांना कधी दिसली नव्हती, वहिनीकडून ऐकलेली होती. मानेचा किस्सा ते मान वळवून करून दाखवायचे. त्यात सहा गोळ्यांच्या दोन झाल्या, मग एक झाली. शेवटी शेवटी तर बायकोने आग्रहाने दिली म्हणून घेतली, अशी झाली. एका गिऱ्हाईक बाईने वहिनीकडे अशा नजरेने पाहिलं, की तिला वाटलं आता ही पोलिसात जाते.

मागच्या खोलीला जाड काळा पडदा लागला. वहिनी तो पडदा किती वर्षं मागत होती, ते सोडा. तो लागला हे महत्त्वाचं. दुपारी झुंबरशेठ तिथं पडायचे. डोकं दुखत असो नसो.

"खबरदारी," सासूबाई जिन्यात उभं राहून सांगायच्या. या वेळी आवाज हळू असायचा. "झोपलाय तो. जरा पाय न वाजवता चाला."

खबरदारी म्हणून ते रोज जेवणानंतर एक साधी गोळीही घेऊ लागले. वहिनीने सांगून पाहिलं, "रोज घेऊ नका. डॉक्टर म्हणाले होते ना, आठवड्यातून दोनतीन दिवसांच्या वर गेलं की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं."

"तुला काय कळतंय मायग्रेनमधलं?" झुंबरशेठ म्हणाले.

मग एका दुपारी, काउंटरवर टेबललॅम्पचं खोकं उघडत असताना, वहिनीच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात रेघ आली. ती शांतपणे उठली, वर गेली, कपाटाचा खण उघडला. पट्टी नव्हती. खालच्या खणात नव्हती. पर्समध्ये नव्हती.

"माझ्या गोळ्या कुठं आहेत?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. "ते विष मी टाकून दिलं. माझ्या मुलाचा जीव जाता जाता राहिला. घरात नको मला ते."

"आणि हे चालतं?" वहिनीने फळीवरचा सासूबाईंचा डबा उघडला. आत सुट्या गोळ्या, अर्ध्या गोळ्या, कापलेल्या पट्ट्या, नाव पुसलेल्या, तारीख उलटलेल्या, कुठली कशाची ते सासूबाईंनाही सांगता आलं नसतं.

"ती माझी साधी औषधं आहेत," सासूबाई डबा ओढून घेत म्हणाल्या.

रेघ पसरत होती. भांडायला वेळ नव्हता, आणि अर्धशिशीवाल्या माणसाइतकी वेळेची किंमत कुणाला नसते. डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये होती. वहिनी रस्ता ओलांडून समोरच्या औषधांच्या दुकानात गेली. दुकानातली बाई ओळखीची. तिने चिठ्ठी बघितली आणि नेहमीचं विचारलं, "आज अजून काही घेतलंय? या महिन्यात कितव्यांदा?"

"काही नाही. दुसऱ्यांदा."

"आणि साहेब कसे आहेत? मायग्रेन आहे म्हणे. माझ्याकडे येऊन ते मलाच समजावून सांगत होते."

वहिनीने काउंटरवरच पाणी मागून लिहिलेल्या गोळ्या घेतल्या आणि परत फिरली. दुकानातून जाताना तिने शिडीवाल्या काकांना सांगितलं, "तासभर मी नाही. आणि काका, गिऱ्हाईक नसेल तेव्हा निम्मे दिवे बंद ठेवत जा."

"शेठ ओरडतील."

"ओरडू दे. त्यांच्या डोक्यालाही ते बरं."

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत सुंदर काळोख. त्या काळोखात, पलंगाच्या मधोमध, झुंबरशेठ.

"अहो, उठा."

"श्श. मायग्रेन."

"दुखतंय?"

"दुखेल असं वाटतंय."

"मग दुखलं की या. माझं आत्ता दुखणार आहे."

झुंबरशेठनी टॉवेल वर करून बघितलं. बायको थट्टा करतेय का, याचा अंदाज घेत असावेत. "अगं, मी आजारी माणूस. बाहेर उजेड आहे."

"दिव्यांचं दुकान आहे आपलं," वहिनी म्हणाली. डावी बाजू धडधडायला लागली होती आणि तिला स्वतःचाच आवाज लांबून ऐकू येत होता. "तुम्ही रोज गोळी घेता म्हणून रोज दुखतं. ती बंद करा आणि डॉक्टरांना जाऊन खरं सांगा. आणि गिऱ्हाइकांना सहाच्या सहा सांगा, एक नाही. आता मात्र उठा. नाहीतर मी इथंच उलटी करीन, तुमच्या अंगावर. मला मळमळायला लागलंय."

आजपर्यंत कुठल्याही युक्तिवादाने झुंबरशेठ इतक्या चपळाईने हलले नव्हते. ते उशी बगलेत मारून उभे राहिले. वहिनीने त्यांना दाराबाहेर काढलं, आतून कडी घातली आणि पडली.

बाहेर बराच वेळ कुजबुज चालू होती. सासूबाईंनी दोनदा कडी वाजवली. एकदा चहाचं विचारलं, म्हणजे करणार कोण ते विचारलं. एकदा, बाळाला खोली कधी मिळेल. वहिनीने चादर कानांवर ओढून घेतली. हातोडीवाला यायला निघाला होता, पण या खेपेला जिन्यातच कुठेतरी रेंगाळला, आणि मग तिला झोप लागली.

उठली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. डोकं धुऊन वाळत घातल्यासारखं हलकं, थोडं रिकामं. गोळीची सुस्ती अजून अंगात होती, म्हणून ती भिंतीला हात लावत सावकाश स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीवर बसली. सासूबाई तिथंच होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. उतरलेला चेहरा, डोळ्यांखाली काळं. मग, कधी नव्हे ते, त्यांनी स्वतःहून तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. समोर बसल्या. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. वहिनी थांबली. इतक्या वर्षांनी का होईना, तिला वाटलं.

"खूप होतं ना गं?" सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"हो."

"बघ." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "आता कळलं ना तुला, माझा मुलगा किती सोसतो ते?"

वहिनी हसायला लागली. अर्धशिशी नुकती उतरलेल्या डोक्याला हसणं सोसत नाही, ते तिला ठाऊक होतं, तरी तिला थांबता येईना. एका हाताने कपाळ धरून, दुसऱ्याने पेला सावरत ती हसत राहिली. सासूबाई आधी गोंधळल्या, मग त्यांचा तिळपापड झाला, मग त्या उठून मुलाला सांगायला खाली गेल्या.

खालून झुंबरशेठचा आवाज येत होता. कुणी गिऱ्हाईक आलेलं असावं. "तुम्हाला म्हणून सांगतो," ते म्हणत होते, "गोळ्यांच्या बाबतीत फार जपायला लागतं हो. लोकांना काही कळत नाही. कागदसुद्धा वाचत नाहीत." वहिनीने उरलेलं पाणी पिऊन टाकलं, गोळ्यांची नवी पट्टी आपल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि पोटात काहीतरी जायला हवं म्हणून टोस्ट शोधायला लागली.